थोरलीचं कोपर

मुलांनो, आधी डोळे मिटा. अगदी घट्ट नकोत, पापण्यांच्या फटीतून थोडा उजेड आत येऊ द्या. आता मनात आणा: पौषातली दुपार आहे. पोटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत गेलं आहे. अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी आहे. मागच्या दारी कुणीतरी भांडी घासतंय आणि तो आवाज हळूहळू लांब जातोय. तुम्ही झोपलेले नाही. पण कुणी विचारलं, जागे आहात का, तर उत्तर द्यायचा कंटाळा येईल.

जमलं? मग तुम्ही बरोबर यामिनीच्या शेजारी येऊन पोचलात.

यामिनी सहावीत आहे. तिचं गाव करंजवाडे, खानदेशातलं. गावाबाहेर एक जुना जीन आहे. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला तिकडे जीन म्हणतात. तो बंद पडून खूप वर्षं झाली, पण त्याच्या इंजिनघरात वाफेचं इंजिन अजून आहे. रुळांवरून धावणारं नव्हे हं. हे एका जागी बसायचं आणि लांबलचक पट्ट्यांनी अख्खा कारखाना फिरवायचं. सातासमुद्रापलीकडे ते घडलं, जहाजाने आलं, आणि पुढे बैलगाड्यांवर लादून गावात आणलं. गाव त्याला इंजिन म्हणतच नाही, 'थोरली' म्हणतं. घरातली मोठी बाई पाटावर बसल्या बसल्या साऱ्या घराला कामाला लावते ना, तशी ती.

थोरलीचे शेवटचे ड्रायव्हर म्हणजे यामिनीचे आजोबा, सुपडूबाबा. यामिनी त्यांना नुसतं 'बाबा' म्हणायची आणि वडिलांना 'पप्पा'. पप्पांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी आणि गावातल्या मंडळींनी समिती करून थोरलीला पुन्हा उभं करायचं ठरवलं, तेव्हा बाबा रोज खुर्ची टाकून समोर बसायचे आणि यामिनीला एकेक भाग दाखवायचे. "तिचा आवाज तुले एकदा ऐकवला की झालं," असं म्हणायचे. पण आषाढात बाबा गेले, आवाज न ऐकवताच.

आज संध्याकाळी थोरली चालायची आहे. सुपडूबाबांची नात म्हणून वाफ सोडायचा मान यामिनीला दिलेला आहे. सकाळी तालीम झाली. पूजा झाली, नारळ फुटला, नव्या बॉयलरात वाफ चढली. यामिनीने वाफेचं हातचाक फिरवलं. थोरली आतल्या आत थरथरली, फुसकारली, आणि होती तशीच बसून राहिली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. पप्पांनी सारे नळ, सारे सांधे तपासले. कुठेच काही बिघडलेलं नव्हतं, आणि तरी थोरली हलेना.

"वय झालं तिचं," समितीचे युवराजकाका म्हणाले. "असं करू. मागून इलेक्ट्रिक मोटर लावू. चाक फिरल्याशी कारण. मागे वाकून कोण बघायला येतंय?"

पप्पांनी हात पुसले. मग म्हणाले, "दुपारपर्यंत नाहीच जमलं तर लावा."

त्यात शेजारचा कल्पेश यामिनीच्या कानाशी येऊन म्हणाला, "पायगुण ऐकला होता, हा तुझा हातगुण नवीनच निघाला."

यामिनी तिथून निघाली. घरी येऊन ती जेवली आणि गोधडी ओढून पडली. चूक माझ्याच हातून झाली, असं तिला वाटत होतं. आणि आता संध्याकाळी सगळं गाव मोटरचा गुणगुणाट ऐकून थोरलीला टाळ्या वाजवणार. बाबांच्या थोरलीला.

वर पंखा हळू फिरतोय. यामिनी त्याच्याकडे बघतेय. पंख्याला तीन पाती आहेत. मग चार आहेत. मग ती मोजायचं सोडून देते, कारण पाती जाड व्हायला लागली आहेत, काळी, तुळतुळीत.

खाटेच्या कडेला कुणीतरी बसतं. खाट करकरते.

"उठ यमू. ती वाट पाहू राहिली."

बाबा आहेत. अंगात तीच खाकी बंडी, खांद्यावर तोच पंचा. यामिनीला मुळीच भीती वाटत नाही. तिला फक्त जरा विचित्र वाटतं, आणि ते ती बोलून दाखवते.

"बाबा, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो. मंग? दुपारच्याले येऊ नये का माणसाने?"

"आणि काठी कुठे तुमची?"

"तिकडे गुडघे दुखत नाहीत," बाबा म्हणतात आणि मागच्या दाराची कडी काढतात.

मागच्या दारी भांड्यांची मोरी असते. आज तिथे इंजिनघर आहे. यामिनी उंबरा ओलांडते तो पायाखाली लाल फरशी. समोर थोरलीचं मोठं चाक आहे. त्याचा अर्धा भाग जमिनीतल्या खड्ड्यात आणि अर्धा वर, पार आढ्यापर्यंत. हे इंजिनघर यामिनीने शंभरदा पाहिलंय, पण आज त्याला छप्परच नाही. चाकाची वरची कड उन्हात गेली आहे आणि तिच्यावरून एक पाखरांचा थवा चाललाय.

"लाव हात," बाबा म्हणतात.

यामिनी आडव्या दांड्यावर हात ठेवते. हाच दांडा वाफेची ढकल चाकापर्यंत नेतो. तिच्या मांडीएवढा जाड, आरशासारखा लख्ख. तिचा तळवा त्याच्यावरून सरकत जातो आणि तिला जाणवतं की दांडा सरळ नाही. टोकांशी निमुळता आहे आणि मधे किंचित फुगत गेलाय, डोळ्यांना कळणारही नाही इतका.

"मासोळीसारखा आहे."

"तसाच केलाय. ढकलताना दांडा मधेच वाकायले पाहतो. म्हणून मधे जीव जास्त."

"मग सगळाच जाड करायचा ना."

"आणि तिने तेवढं ओझं दिवसभर हलवायचं? तुले दप्तर जड होते तर किती कुरकुरते तू." बाबा हसतात. "ज्याने केला ना हा, त्याने तिच्या अंगाचा विचार केला. कुठे किती लोखंड द्यायचं आणि कुठे हात आखडायचा."

यामिनी पुन्हा एकदा हात फिरवते. थंड लोखंड आहे, पण पाण्यातून निसटणाऱ्या माशाच्या पाठीवरून हात फिरावा तसं वाटतं. कुणीतरी कधीतरी, ती जन्मायच्या कितीतरी आधी, असाच तळवा फिरवून बघितला असेल आणि म्हटलं असेल, हं, अजून थोडं.

बाबा पुढे जाऊन सिलिंडरपाशी उभे राहतात. सिलिंडरला सागवानी पट्ट्यांचा अंगरखा घातलेला आहे. वाफेची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. त्यावर पितळी पट्टे. लाकडाचा सांधा सांध्याला इतका मिळालेला, की नख घालायला जागा नाही. बाबा सिलिंडरचं झाकण डब्याचं काढावं तसं काढतात.

"ये."

आत एक गोल खोली आहे. दोघं उभी राहू शकतात. उबदार आहे आणि तेलाचा वास येतोय. दिवा कुठेच नाही, तरी भिंत चकाकतेय. तिच्यात एक लांबुडकी यामिनी आणि एक लांबुडके बाबा दिसतात. यामिनी हळू बोलते, कारण मोठ्याने बोलावंसंच वाटत नाही.

"काच आहे का ही?"

"लोखंड."

ती बोट टेकवते. बोट घसरत घसरत पूर्ण फेरी मारून पुन्हा जिथून निघालं तिथे येतं, आणि वाटेत एकदाही अडखळत नाही. कुठे सुरुवात आणि कुठे शेवट तेच कळत नाही. तिच्या अंगावर काटा येतो.

"कोणी केलं, बाबा?"

"नाव नाही माहीत. मी पह्यल्यांदा झाकण खोललं तेव्हा मले मिसरूड फुटत होतं. उस्तादाने आत कंदील धरला आणि मी बोलणंच विसरलो. उस्ताद म्हणे, पाहून घे पोरा, पुन्हा कधी खोलू देव जाणे."

"पण मग इतकं गुळगुळीत कशाला केलं? आत तर कुणीच बघत नाही."

"पिस्टन येते ना इथे. दिवसभर येते-जाते. त्याले कुठे बोचू नये." बाबा हातातलं झाकण उलटं करून तिच्यासमोर धरतात. "आणि हे पाह्य."

झाकणाच्या आतल्या अंगावर बारीक बारीक चंद्रकोरी आहेत. एकीला लागून एक, मोराच्या पिसाऱ्यासारख्या.

"नक्षी आहे?"

"हत्याराच्या खुणा आहेत. हाताने खरवडलंय. केसाहून पातळ पापुद्रा काढायचा, जोडून पाहायचं, पुन्हा काढायचा. झाकण बसलं की वाफ इथून बाहेर पडू नये म्हणून. नक्षी काढायले कोण बसलं होतं? पण झाली."

यामिनी त्या चंद्रकोरी बघत राहते. प्रत्येक कोर म्हणजे एकदा हात हललेला. एक माणूस वाकून उभा आहे, त्याची मान दुखते आहे, आणि तो अजून एक कोर काढतो. तिला एकदम रडू येतं.

"बाबा, इतकं सगळं त्यांनी केलं, आणि ती माझ्याच हाताने उठली नाही."

"तू वाफ जोरात सोडली का?"

"आधी हळू. मग जोरात. पप्पांनी सांगितली तशीच."

"मंग सायकल काढ."

गोल खोली नाही. कालव्याकडचा शाळेचा रस्ता आहे, दोन्हीकडे कापूस फुटलेला. यामिनी तिच्या जुन्या छोट्या सायकलवर बसली आहे आणि बाबांनी मागचं कॅरियर धरलंय, शिकवताना धरायचे तसं. ती पायडलवर पाय ठेवते. जोर लावते. सायकल जात नाही.

"उभी राहा पायडलवर," बाबा म्हणतात.

ती उभी राहते. सगळं वजन टाकते. सायकल तिथेच.

"तुम्ही मागून धरलंय."

"हे पाह्य, सोडलं." बाबा दोन्ही हात वर करून दाखवतात. "आता?"

"आता पण नाही जात."

"कमाल आहे. पोरीत जोर नाही की सायकल म्हातारी झाली?"

यामिनी चिडून खाली बघते. तिचा पाय पायडलवर आहे, आणि पायडल थेट वर आहे, अगदी माथ्यावर. वरून सरळ खाली कितीही दाबलं तरी ते फिरणार कसं? फिरायला थोडी तिरकी वाट लागते. ती पायाच्या बोटांनी पायडल जरा पुढे लोटते आणि मग दाबते.

सायकल सुटते. कापसाची शेतं मागे पळायला लागतात. पुढचं चाक मोठं होत जातं, त्याच्या तारा दंडाएवढ्या जाड होतात, आणि यामिनी लाल फरशीवर उभी असते, थोरलीच्या चाकावर हात ठेवून.

"आता हिचं पायडल शोध," बाबा म्हणतात.

दांडा जिथे चाकाच्या आसाला मिळतो तिथे लोखंडी कोपर आहे. आत्ता ते दिसत नाही, त्याच्यावर हारांचा ढीग आहे. बाबा हार उचलून डोळ्यांना लावतात आणि खुंटीला अडकवतात. खालचं कोपर दांड्याशी अगदी सरळ रेषेत आहे. माणसाने हात ताठ पुढे करावा तसं.

यामिनी बघते. पुन्हा बघते.

"वाफ ढकलते, पण सरळच ढकलते. फिरवायला वाटच नाही तिला."

बाबा तिच्या वेणीला हलका हिसका देतात. गणित बरोबर आलं की द्यायचे तसा.

"आमी रोज संध्याकाळी हिले थांबवायचो ना," ते म्हणतात, "तर कोपर जरा उचललेलं राहील अशीच थांबवायचो. सकाळी दुसरा कोणी येवो, त्याले ती पह्यल्या हाकेले उठली पाहिजे. अशी ताठ हाताने तिले कोणी झोपवत नव्हतं." मग ते चाकाच्या कडेकडे बघतात. चाकाच्या कडेला ओळीने भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात झेंडूचं फूल खोचलंय. "आणि हे काय? लग्नाले निघाली का ही?"

"पोरांनी सजवलंय."

"छान सजवलं. पण चाक हाताने लोटायले पहार घालायची भोकं आहेत ही." ते एक फूल उपटतात आणि यामिनीच्या हातावर ठेवतात. त्यांची बोटं तेलाने काळी आहेत. "धर. देवाचं आहे, खाली टाकू नको. आता आधी काय पाहशील?"

"वाफ बंद आहे का ते."

"शाबास. आणि मंग?"

यामिनी रिकाम्या भोकात पहार घालते आणि एका हाताने रेटते. काही होत नाही. सगळं गाव चाकात बसलंय असं वाटतं.

"तुम्ही पण लावा ना हात."

बाबा तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवतात. पहारीवर ऊन पडावं तसा तो हात पडतो. वजन नाही.

"पाहिलं? माझा आता लागत नाही," ते सहज म्हणतात, काठी विसरली म्हणावं तसं. "तिथे तुझे पप्पा आहेत. पोरं आहेत. त्यांचे घे."

"संध्याकाळी याल तुम्ही?"

"तिचा आवाज आला तर येईन. मोटरच्या आवाजाले मी कशाले येऊ? तो मले ओळखत नाही, मी त्याले ओळखत नाही."

"कसा असतो तिचा आवाज?"

"मोठा नसते. लोकायले वाटते वाफ म्हणजे गडगडाट. नीट बसलेलं इंजिन ओरडत नाही, बाई. दमून आलेली गाय गोठ्यात बसली की कसा श्वास टाकते?" बाबा डोळे मिटतात आणि तो आवाज काढून दाखवायला लागतात. हळू, खोल. हं... हुश्श. हं... हुश्श. चाकावरून गेलेली पाखरं परत येतात. हं... हुश्श. खरर. हुश्श. खरर.

मागच्या दारी आई कढई खरवडतेय.

यामिनी खाटेवर उठून बसते. पंखा फिरतोय, तीनच पाती आहेत. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडायला तिला वेळ लागतो, बोटं आंबली आहेत.

मुठीत झेंडूचं फूल आहे. चुरगळलेलं, आणि काळ्या तेलाने निथळणारं. तेल तिच्या तळहाताच्या रेषांत उतरलंय. गोधडीवरही त्याचा डाग पडलाय.

"अगं, जेवायच्या आधी साबण लावून हात धुतलेस ना?" आई दारातून म्हणते. "मग हे काय?"

यामिनी ते फूल देवघरात ठेवते, चपला घालते न घालते आणि पळत सुटते.

इंजिनघराबाहेर माणसं जमायला लागली आहेत. हातगाडीवरून मोटर आली आहे आणि युवराजकाका पट्ट्याचं माप घेत आहेत. यामिनी त्यांच्या बगलेखालून आत शिरते. आधी वाफेचं हातचाक बघते. बंद आहे. मग कोपरावरचे हार काढते, डोळ्यांना लावते, खुंटीला अडकवते.

कोपर ताठ आहे.

ती चाकाकडे वळते. कडेच्या साऱ्या भोकांत झेंडू आहेत, पिवळे, नारिंगी. एक भोक तेवढं रिकामं आहे. यामिनी क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहते. मग कोपऱ्यातली पहार ओढत आणते आणि त्यातच घालते.

"यमे, काय चाललंय तुझं?" कल्पेश ओरडतो. "काका, बघा हिला."

पप्पा धावत येतात, रागावायला तोंड उघडतात, आणि त्यांची नजर कोपरावर जाते. तोंड तसंच उघडं राहतं.

"काल रात्री मी हे उचलून ठेवलं होतं," ते हळूच म्हणतात. "कोणी हलवलं?"

पोरं एकमेकांकडे बघतात. शेवटी एक जण पुढे येतो. "दादा, पूजेसाठी. कोपर लखलखीत घासलं होतं ना, तर म्हटलं त्याचं तोंड दाराकडे बरं दिसेल. तुम्ही बॉयलरपाशी होतात. दोर लावून फिरवलं आम्ही."

"आणि वर हार घातले."

"हो. मोठे."

पप्पा कपाळाला हात लावतात आणि हसायला लागतात. तालमीपासून पहिल्यांदाच. मग यामिनीच्या मागे येऊन पहारीला हात घालतात. ती पोरं येतात. कल्पेशही येतो. युवराजकाका पट्टा खाली ठेवतात आणि बाह्या सरसावतात. "चला, एकदम."

चाक आधी नुसतं कण्हतं. मग सरकतं. कोपर वीतभर वर उचललं जातं.

पहार काढून पप्पा सगळ्यांना मागे व्हायला सांगतात. "यमू, सोड वाफ. हळू."

यामिनी हातचाक फिरवते. आतून एक ऊब येते. सागवानी अंगरख्याआड काहीतरी हलतं. लख्ख दांडा मासोळीसारखा पुढे येतो, मागे जातो. कोपर वर जातं, वळतं, खाली येतं. मोठं चाक निघतं. झेंडूची फुलं एकामागून एक वर चढतात, माथ्यावरून जातात, खड्ड्यात बुडतात, पुन्हा वर येतात, आणि थोड्याच वेळात फुलं वेगळी दिसेनाशी होऊन चाकाला एक नारिंगी कड येते. एवढं मोठं लोखंड फिरतंय आणि खिडकीत ठेवलेल्या तांब्यातलं पाणीसुद्धा हललेलं नाही.

दारात, खिडक्यांत, भिंतीवर चढून बसलेलं सगळं गाव बघतंय. कुणीतरी शिट्टी मारतं. म्हातारी माणसं डोळे पुसतात. मग टाळ्या सुरू होतात, एकीकडून दुसरीकडे पसरतात, आणि त्यांच्या कडकडाटात थोरलीचा श्वास ऐकू येईनासा होतो.

तेव्हा यामिनी लोकांकडे वळते, आणि तेलाने काळं झालेलं बोट ओठांवर ठेवते.